इंग्लिश नसलेल्या बाई

बाईंना कुणी इंग्लिश म्हटलं की त्या हातातलं काम थांबवून आधी ते दुरुस्त करत. समोर इमारतीचा सिक्युरिटीवाला असो, सरकारी काउंटरवरचा अधिकारी असो, नाहीतर शाळेतले पालक असोत. आवाज चढायचा नाही. चष्मा नाकावर थोडा खाली घेऊन त्या म्हणायच्या, "मी इंग्लिश नाही. मी इंग्लिश शिकवते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." एकदा व्हिसाच्या कामाला मी त्यांच्यासोबत गेले होते. काउंटरवरच्या मुलाने हसून त्यांचा पासपोर्ट त्यांच्याच पुढे धरला आणि 'ब्रिटिश' या शब्दावर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, "ते पासपोर्टचं मत आहे." त्या मुलाला काही कळलं नाही, पण त्याने 'इन्शाल्ला' म्हणून शिक्का मारला.

त्या स्कॉटलंडच्या. तिथल्याही मुख्य भूमीवरच्या नव्हेत, पश्चिमेच्या समुद्रातल्या एका वाऱ्याच्या बेटावरच्या. तिथे घरात गेलिक बोलत. ही भाषा इंग्रजीच्या जवळची असेल असं मला आधी वाटायचं. ती तशी मुळीच नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे बाई तरुणपणी अबू धाबीला आल्या. नवरा लवकर गेला, तरी त्या इथेच राहिल्या. आमची इरा ज्या शाळेत होती तिथे त्या इंग्लिश शिकवायच्या, आणि अल रीम आयलंडवर आमच्याच मजल्यावर, शेजारच्या दारात राहायच्या. त्यांचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. मी पहिल्या दिवशी 'टीचर' म्हणण्याऐवजी सवयीने 'बाई' म्हणाले. त्याचा अर्थ त्यांनी विचारून घेतला, आणि मग तेच राहिलं.

आमची ओळख झाली ती मी इराला रागावत असताना. डबा न खाता परत आणला म्हणून लिफ्टमध्ये मी मराठीत बोलत होते आणि ती नेहमीप्रमाणे इंग्लिशमध्ये उत्तरं देत होती. "आई, आय वॉजन्ट हंग्री, ओके?" बाई कोपऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. आमचा मजला आल्यावर म्हणाल्या, "हिला तुझं सगळं समजतं?" मी म्हटलं, "समजतं. बोलत नाही." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तू थांबू नकोस. ती उत्तर कशातही देऊ दे. तू थांबू नकोस." त्यांच्या आवाजात इतकी कळकळ होती की मी इराला रागवायचं विसरले.

बाई कविता करायच्या, आणि त्या फक्त गेलिकमध्ये. सुट्टीच्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत त्या बाल्कनीत बसून स्वतःची कविता मोठ्याने वाचत. आमची बाल्कनी त्यांच्या बाल्कनीला लागूनच. मी पोळ्यांची कणीक भिजवून बाहेर यायची आणि कठड्याला टेकून ऐकायची. शब्द कळत नसत. मध्येच घशातून घासून येणारे आवाज, मध्येच समुद्राने ओढून नेल्यासारख्या लांब ओळी. वाचून झालं की त्या विचारायच्या, "कशी वाटली?" मी म्हणायची, "मला कळलीच नाही." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "कळलेलं मी नाही विचारलं. कशी वाटली?" या देशात त्यांची भाषा कानावर घेणारी मी एकटी होते, आणि तीही अडाणी.

एकदा खलिफा सिटीतल्या एका व्हिलात आमच्या मंडळींचं कविसंमेलन होतं. मी बाईंना घेऊन गेले. त्यांनी एक कविता म्हटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी एक काका मला हळूच म्हणाले, "इंग्लिशच ना ही? अॅक्सेंट फार जड आहे हो." मी ते बाईंना सांगितल्यावर त्या गाडीत बराच वेळ हसल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्याकडेही हेच आहे. एडिंबराच्या सभागृहात मी वाचलं तर अर्धे लोक असेच टाळ्या वाजवतील. आमचे कवी इंग्लिशमध्ये लिहितात, स्कॉट्स नावाच्या तिथल्या बोलीत लिहितात, गेलिकमध्ये लिहितात आणि मग खरं स्कॉटिश कोण यावर भांडतात. मला त्या भांडणात घ्या एवढंच माझं म्हणणं आहे."

त्यांच्या देशात स्वतंत्र व्हायचं की नाही यावर मतदान झालं तेव्हा इरा लहान होती. मत फक्त तिथे राहणाऱ्यांना होतं. बाहेर राहणाऱ्या बाईंना नव्हतं. निकालाच्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडे आल्या, कारण त्यांना एकटीला टीव्ही लावायचा नव्हता. माझा नवरा सुहास म्हणाला, "हा अन्याय आहे. लंडनहून तिथे राहायला गेलेल्याला मत आहे आणि तुम्हाला नाही?" बाई म्हणाल्या, "नाही, बरोबर आहे. तो तिथे राहतो, मी इथे राहते." आणि थोड्या वेळाने, "बरोबर आहे म्हणून दुखत नाही असं थोडंच आहे, सुहास." निकाल 'नाही' असा लागला. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि शाळेच्या वह्या तपासायला घरी गेल्या.

त्याच सुमारास मी त्यांना विचारलं होतं की देश म्हणजे तुमच्या मते नक्की काय. कवयित्रीकडून मला काहीतरी मोठं उत्तर हवं होतं. त्या म्हणाल्या, "जिथे स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगावं लागत नाही ती जागा." मग त्यांनी आपल्याबद्दल एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आईला शाळेत गेलिक बोलल्याबद्दल मार बसला होता. तरी ती बाईंशी शेवटपर्यंत गेलिकच बोलली. बाईंची मुलगी किर्स्टी मात्र इथे अबू धाबीत वाढली. "मला वाटलं, इंग्लिश आहे, शाळेत अरबी आहे, तिच्यावर तिसरं ओझं कशाला. माझ्या आईला मारूनही ती थांबली नाही. मला कुणी काही केलं नव्हतं. मी आपणहूनच थांबले." किर्स्टी तेव्हा लग्न होऊन मेलबर्नला गेली होती. ती दर आठवड्याला फोन करी, प्रेमाने बोले. सगळं इंग्लिशमध्ये.

वर्षं गेली. इरा टोरांटोला शिकायला गेली. बाईंचा शाळेचा करार वयामुळे संपला, पण एका क्लासमधल्या शिकवण्यांवर त्यांचा व्हिसा चालू राहिला. परत जायचा विषय त्या टाळत. मागे एकदा त्या बेटावर जाऊन आल्या होत्या. आईवडिलांचं घर उन्हाळ्यात दोन आठवड्यांसाठी येणाऱ्या कुणा जोडप्याने घेतलं होतं. दुकानात बाई गेलिकमध्ये बोलल्या तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सॉरी?" बाईंनी तेच पुन्हा इंग्लिशमध्ये सांगितलं, ब्रेड घेतला आणि बाहेर येऊन गाडीत बसून राहिल्या. "स्मिता, मी आयुष्यभर ज्यांच्यासाठी लिहिते ते कुठे गेले ते मला त्या गाडीत बसून कळेना," एवढंच त्या म्हणाल्या.

अशात त्यांना स्कॉटलंडहून निमंत्रण आलं. एका साहित्यसंमेलनात लेखन, देश आणि ओळख यावर दोन कवयित्रींची चर्चा होती. बाईंनी इथून व्हिडिओवर बोलायचं होतं. त्यांनी आठवडाभर तयारी केली. निळा स्कार्फ इस्त्री केला. मी लॅपटॉप लावून द्यायला त्यांच्याकडे बसले होते. दुसरी कवयित्री होती झारा. ग्लासगोत जन्मलेली, आजी-आजोबा लाहोरचे, आणि शाळा गेलिक माध्यमाची. तीही गेलिकमध्येच लिहायची. ती म्हणाली, "मला रोज कुणीतरी विचारतं, तू कुठली? मी ग्लासगो म्हणते. मग विचारतात, नाही, मूळची कुठली?" बाई म्हणाल्या, "मला इथे तेच विचारतात. आणि तिकडे गेले की विचारतात, परत कधी जाणार." लोक हसले. मला वाटलं, सगळं छान चाललंय.

मग झाराने तिची कविता वाचली. सूत्रसंचालकाने बाईंना अभिप्राय विचारला. बाई म्हणाल्या, "व्याकरण अगदी बरोबर आहे." झाराचा चेहरा पडलेला मला स्क्रीनवर दिसला. शाळेत शिकलेली भाषा, असं बाईंना म्हणायचं होतं आणि ते सगळ्यांना कळलं. त्यानंतर श्रोत्यांतल्या एकाने बाईंना विचारलं, "तुम्ही सोडून गेलात ते गाव तुमच्या कवितेत आहे. पण ते गाव आता आहे का?" आवाज गेला की काय म्हणून मी वायर तपासली. मग त्या म्हणाल्या, "नाही." आणि माइक बंद केला. चर्चा त्यांच्याविना संपली. लॅपटॉप बंद करून त्या म्हणाल्या, "खलास. त्या मुलीशी मी वाईट वागले. माझं लिहिलेलं कळणारी ती एकटीच उरली आहे आणि मी तिचं व्याकरण तपासलं."

त्यानंतर त्यांचं बाल्कनीतलं वाचन थांबलं. मी विचारलं की म्हणायच्या, नवीन काही नाही. काही आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. वॉचमनने किल्ली आणली. बाई स्वयंपाकघरात फरशीवर पडल्या होत्या. डोळे उघडे होते, उजवी बाजू हलत नव्हती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर सज्जन होते. त्यांनी मला समजावून सांगितलं की स्ट्रोकमुळे मेंदूतलं भाषेचं केंद्र दुखावलं आहे, पेशंट नुसते आवाज काढते आहे, त्या आवाजांना अर्थ नाही. मी आत गेले. बाईंनी मला पाहिलं आणि बोलायला लागल्या. तेच घशातले आवाज, त्याच लांब ओळी. मी बाहेर धावले. "डॉक्टर, ही बडबड नाही. ही भाषा आहे. त्यांची भाषा आहे." डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं. मला सिद्ध करून दाखवता येईना. इतकी वर्षं ऐकूनही मला चार शब्दांपलीकडे काही येत नव्हतं. शेवटी नर्सच म्हणाली, "त्या सारखं उश्क, उश्क म्हणतात." कुंड्यांना पाणी घालताना बाई तोच शब्द म्हणायच्या. मी म्हटलं, "पाणी. त्या पाणी मागताहेत." नर्सने कापूस भिजवून ओठांना लावला आणि बाईंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी कागदावरचं काहीतरी खोडलं.

इंग्लिश मात्र गेली होती. ज्या भाषेवर त्यांनी सबंध आयुष्य पोट भरलं, तीच नेमकी पुसली गेली. त्यांना 'येस' म्हणता येत नव्हतं, कुणी 'येस' म्हटलेलं कळत नव्हतं. बोलत होत्या ते या शहरात कुणालाच समजत नव्हतं.

दोन दिवसांनी किर्स्टी मेलबर्नहून आली. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि तीन शब्द उच्चारले. "को लेश ऊ?" किर्स्टी म्हणाली, "मम, मी आले आहे." बाई पुन्हा, "को लेश ऊ?" किर्स्टी वाकून त्यांचा हात धरून म्हणत राहिली, "मम, प्लीज. इंग्लिशमध्ये सांग. प्लीज, इंग्लिशमध्ये." बाई तेच विचारत होत्या. आवाजात हट्ट नव्हता, उलट कुतूहल होतं. संध्याकाळपर्यंत हेच चाललं. मग किर्स्टी बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून खाली बसली. "ती मला काहीतरी सांगते आहे आणि मला ते कळत नाही. माझी आई आहे ती, स्मिता."

मला झारा आठवली. दुसरं कुणी ओळखीचंच नव्हतं. संमेलनाच्या लोकांकडून तिचा नंबर मिळवला. फोनवर मी इंग्लिशमध्ये सुरुवात केली, आणि घाबरल्यामुळे मध्येच हिंदीत शिरले. ती शांतपणे उर्दूत म्हणाली, "आप रोइए मत. मैं सुन रही हूँ." बाईंनी तिला काय म्हटलं होतं ते तिला आठवत असणारच. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मी फोन स्पीकरवर टाकून बाईंच्या उशीजवळ धरला.

बाईंनी पुन्हा तेच विचारलं. झाराने किर्स्टीला सांगितलं, "त्या विचारताहेत, तू कुणाची? त्यांच्या बेटावर अनोळखी पोर दिसलं की नाव विचारत नाहीत. कुणाची तू, असं विचारतात." मला साताऱ्याकडच्या आमच्या बायकांचा आवाज ऐकू आला, कुणाची गं तू. किर्स्टीने विचारलं, "'तुझी' कसं म्हणायचं?" झाराने सांगितलं. किर्स्टी म्हणाली, "लात्सा." बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी तो शब्द हळू, तोडून उच्चारून दाखवला, वर्गात सांगतात तसा. किर्स्टीने पुन्हा म्हटला. बाईंनी मान हलवली. उच्चार बरोबर आला होता. मुलीला मात्र त्यांनी ओळखलं नव्हतं.

पुढचे दिवस झारा आम्हाला रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायची. तिच्यामुळे कळलं की पाय गार पडलेत, की उशी नको आहे, की खिडकीतून दिसणारं पाणी समुद्राचं आहे का असं विचारताहेत. एकदा किर्स्टीने तिच्याकरवी विचारलं, "तुला कुठे जायचंय?" बाई पुष्कळ बोलल्या. झारा म्हणाली, "घरी न्या म्हणतात. बोट चुकेल म्हणतात. आई दारात उभी आहे म्हणतात." त्यांची आई जाऊन खूप वर्षं झाली होती, आणि त्या दाराची किल्ली आता त्या जोडप्याकडे होती.

नोकरी नाही तर व्हिसा नाही. इथे राहणं शक्यच नव्हतं. झाराने तिकडच्या बेटांवरच्या वृद्धाश्रमांत चौकशी केली. एका ठिकाणी गेलिक बोलणाऱ्या नर्स होत्या, पण जागा नव्हती, आणि त्या बेटांवर राहणाऱ्यांचा नंबर आधी. मी तरी किर्स्टीला म्हटलं, "वाट बघू. तिथे निदान त्यांची भाषा आहे." किर्स्टी त्या दिवशी माझ्यावर चिडली. "आणि मेलबर्नमध्ये मी आहे. दोन मुलं टाकून मी त्या बेटावर जाऊन राहू? तिला एकटीला ठेवू? भाषा नाही माझ्याकडे. तिनेच मला दिली नाही. पण मी आहे." तिचं चुकत नव्हतं, आणि मला जे दिसत होतं तेही चुकत नव्हतं.

बाईंना नेलं त्या दिवशी अॅम्ब्युलन्सवाला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. त्यांनी माझ्या हाताचं बोट धरून ठेवलं होतं. काहीतरी बोलत होत्या. तेव्हा झाराला फोन लावायला सुचलं नाही. त्या काय म्हणाल्या ते मला कधी कळणार नाही.

मेलबर्नमध्ये त्या बोलेनाशा झाल्या. उत्तर येत नाही म्हटल्यावर माणूस किती दिवस बोलणार? झारा तिकडेही फोन करायची, पण वेळा उलट्या, आणि तिची नोकरी होती. एका रविवारी मी फोन केला तेव्हा किर्स्टीने तो बाईंच्या कानाला लावला. इंग्लिश त्यांना कळणार नव्हतं, गेलिक मला येत नव्हतं. मग मी सरळ मराठीत बोलायला लागले. इराचं, सुहासचं, शेजारच्या दारात राहायला आलेल्या लेबनीज कुटुंबाचं. मी थांबले तेव्हा पलीकडून बाई बोलल्या. गेलिकमध्ये, बरंच काही. त्या थांबल्या की मी बोलायची. किर्स्टी म्हणाली, आठवड्यात एवढंच काय ते बोलते. मग दर रविवारी आमचं तसं सुरू झालं. दोघींनाही दुसरीचं काही कळत नव्हतं. त्या दिवसेंदिवस क्षीण होत होत्या. आवाज बारीक होत गेला, ओळी आखूड होत गेल्या.

एका रविवारी किर्स्टीने फोन घेतला आणि म्हणाली, "ती पहाटे गेली." मी तिला जे म्हणायचं असतं ते इंग्लिशमध्ये म्हटलं. ती हो, हो म्हणाली. मी फोन ठेवायला निघाले तर ती म्हणाली, "थांब. ठेवू नकोस. तिच्याशी बोलायचीस तसं बोल."

"किर्स्टी, तुला कळणार नाही."

"मला माहीत आहे. बोल."

मी बोलायला लागले. आज इथे धुकं होतं म्हणाले, पलीकडच्या इमारती दिसत नव्हत्या. इराचा फोन आला नाही म्हणाले. सकाळी सवयीने तुमच्याही वाटणीचा चहा टाकला म्हणाले. तुमची फार आठवण येते, बाई, म्हणाले. पलीकडे किर्स्टी रडत होती. मग रडणं थांबलं आणि नुसता श्वास ऐकू येऊ लागला. मी पुढे काय बोलावं ते सुचेना, तरी बोलत राहिले.